न आलेल्या रुग्णाची नोंद

डोंबिवलीतल्या दवाखान्यांचे वेळापत्रक रेल्वेने ठरवलेले आहे. सकाळी दहाच्या सुमाराला दवाखाना उघडतो तेव्हा कर्ती माणसे केव्हाच लोकल पकडून गेलेली असतात. त्या वेळी येतात आजीआजोबा, कडेवर मूल घेतलेल्या आया आणि ‘ह्यांच्या बी.पी.च्या गोळ्या द्या’ म्हणणाऱ्या बायका. खरी गर्दी संध्याकाळी साडेसातनंतर. मुंबईहून येणारी गाडी फलाटाला लागली की थोड्याच वेळात बाकडी भरतात. कल्याणच्या कोळसेवाडीत काय, ठाण्याच्या किसननगर-वर्तकनगरात काय, चित्र हेच. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या 12 लाखांच्या वर होती आणि ठाणे शहराची 18 लाखांच्या वर. त्यानंतर दोन्हीकडे टॉवर उठतच राहिले आहेत. एवढ्या माणसांचा ताप, खोकला, मधुमेह आणि रक्तदाब पहिल्यांदा जिथे पोहोचतो ती जागा म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरचा एखाद-दीड खोलीचा दवाखाना.

डोंबिवली पूर्वेच्या अशाच एका दवाखान्यात माझी उमेदीची सगळी वर्षे गेली. या काळात रुग्णसेवेच्या दर्जाविषयी पुष्कळ चर्चा कानावर आली. मोठ्या रुग्णालयांना मानांकने मिळाली, प्रमाणपत्रे भिंतींवर लागली, हात धुण्यापासून औषधांच्या साठ्यापर्यंत सगळ्याची तपासणी होऊ लागली. हे चांगलेच झाले. पण माणसाचे बहुतेक आजारपण रुग्णालयापर्यंत जातच नाही, ते आमच्या बाकड्यांवर येते. इथल्या कामाचा दर्जा कसा ओळखायचा, तो वाढवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे आम्हाला कुणी फारसे विचारले नाही आणि आम्हीही ते एकमेकांना विचारत नव्हतो.

आमची नेहमीची कसोटी सोपी आहे. रुग्णाला गुण आला, तो पुन्हा आला, त्याने शेजाऱ्याला पाठवले, की काम चांगले चालले आहे असे आम्ही समजतो. पण ही कसोटी फक्त आलेल्या माणसांना मोजते. ज्याने बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर सोडली, ज्याला थुंकी तपासायला सांगितली आणि जो पुन्हा फिरकला नाही, गरोदरपणात जिची साखर वाढली होती आणि बाळंतपणानंतर जी तपासणीला आलीच नाही, ही माणसे बाकड्यावर नसतात. समोर नसलेला माणूस गर्दीच्या वेळी आठवतही नाही. अर्धांगाचा झटका, निकामी झालेले मूत्रपिंड, घरभर पसरलेला क्षयरोग बहुतेक वेळा याच माणसांच्या वाट्याला येतो. म्हणून मला असे वाटते की प्राथमिक उपचारांचा दर्जा वाढवणे म्हणजे सर्वात आधी न आलेल्या रुग्णाची नोंद ठेवणे आणि त्याच्या मागे जाणे. डॉक्टर हे काम हुकमाने, व्याख्यानाने किंवा बक्षिसाने करत नाही. कशाने करतो, ते मी जेवढे पाहिले आहे तेवढे सांगतो.

सुरुवात क्षयरोगापासून करावी लागेल, कारण आमच्या व्यवसायाची सर्वात कठोर परीक्षा याच आजाराने घेतली. डॉ. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी 1991 मध्ये मुंबईतल्या खासगी डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षयरोगावर तुम्ही कोणती औषधे लिहून देता, असे 100 डॉक्टरांना विचारले तेव्हा 80 वेगवेगळे उपचारक्रम पुढे आले. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी 106 डॉक्टरांनी 63 प्रकारचे उपचार लिहिले आणि अचूक चिठ्ठी लिहिणारे फक्त 6 निघाले. मधल्या दोन दशकांत शिबिरे झाली, पत्रके निघाली, सरकारी कार्यक्रम देशभर पोहोचला. चिठ्ठी मात्र जवळपास तिथेच राहिली.

याचा अर्थ डॉक्टरांना काही येत नाही असा काढणे सोपे आहे, पण तो पुरता खरा नाही. प्रशिक्षित माणसांना रुग्ण बनवून दवाखान्यांत पाठवायचे आणि डॉक्टर काय करतो ते टिपायचे, अशी अभ्यासाची एक पद्धत आहे. मुंबई आणि पाटणा या शहरांत झालेला असा मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण 35 टक्के भेटींमध्येच रुग्णाला योग्य वाट दाखवली गेली. त्याआधी दिल्लीत झालेल्या अशाच कामातून आणखी एक गोष्ट कळली होती. कागदावर प्रश्न दिला तर बरेच डॉक्टर बरोबर उत्तर देतात, पण तोच रुग्ण दारातून आत आला की तसे वागत नाहीत. ज्ञान आणि कृती यांच्यातली ही दरी व्याख्यानाने बुजत नाही, कारण ती अज्ञानामुळे पडलेलीच नसते.

ती कशाने पडते, हे दवाखान्यात बसणाऱ्याला ठाऊक असते. 67 देशांतल्या प्राथमिक डॉक्टरांच्या वेळेचा आढावा 2017 मध्ये निघाला. त्यात भारतातली सरासरी भेट दोन-सव्वादोन मिनिटांची होती, स्वीडनमधली 22 मिनिटांहून जास्त. संध्याकाळच्या गर्दीत दोन आठवड्यांचा खोकला घेऊन आलेल्या माणसाला ‘थुंकी तपासा, छातीचा फोटो काढा’ म्हणायचे तर त्यामागचे कारण समजावून सांगायला वेळ हवा. तो माणूस सकाळी सहाला घर सोडणारा. तपासणीसाठी सुट्टी घेतली तर खाडा पडतो. त्याला आजच बरे वाटायला हवे असते, आणि इथे सुई मिळाली नाही तर दोन दुकाने सोडून पलीकडे मिळते हेही त्याला माहीत असते. मग डॉक्टर खोकल्याचे औषध आणि एखादे प्रतिजैविक लिहितो, आठ दिवसांनी दाखवा म्हणतो. आठ दिवसांनी तो येत नाही. बरा झाला की दुसरीकडे गेला, हे कधीच कळत नाही. ही दरी अशी घडते, आणि तिच्यात रुग्णाची घाई, डॉक्टरची भीती आणि व्यवस्थेची अनुपस्थिती या तिन्ही गोष्टींचा वाटा आहे.

सरकारने 2012 च्या मे महिन्यात क्षयरोगाची नोंदणी प्रत्येक डॉक्टरला बंधनकारक केली. 2018 मध्ये त्यात शिक्षेची तरतूद आली, सोबत नोंदणीसाठी 500 रुपये आणि उपचाराचा शेवट कळवल्यावर आणखी 500 रुपये असे मानधनही आले. रुग्णाला पोषणासाठी दरमहा 500 रुपये मिळू लागले, 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 1000 झाले. शिक्षेचे कलम आले तेव्हा आमच्यात कुजबुज झाली ती धास्तीची होती. नाव कळवले तर आपला रुग्ण सरकारी केंद्रात नेतील, त्याच्या घरी कुणीतरी जाईल, चाळीत बोभाटा होईल, आणि तो आपल्याला दोष देत निघून जाईल, अशी ती धास्ती.

ती कमी झाली ती कलमाच्या धाकाने नाही, कामाची पद्धत बदलल्याने. मुंबईत 2014 पासून राबवलेल्या एका उपक्रमात, खासगी डॉक्टर आणि क्षयरोग कार्यक्रम यांच्यामध्ये दुवा म्हणून संस्था नेमल्या गेल्या. त्यांचे कार्यकर्ते दवाखान्यात यायचे, नोंदणीचे काम स्वतः करायचे. रुग्णाला तपासणी आणि औषधे मोफत मिळायची, आणि तो ज्या डॉक्टरकडे जात होता त्याच्याचकडे राहायचा. पुढे हीच रीत वेगवेगळ्या नावांनी इतर शहरांत गेली. आमच्याकडे अशी माणसे येऊ लागली तेव्हा मला सर्वात मोलाची वाटली ती वेगळीच गोष्ट. काही महिन्यांनी फोन यायचा, ‘डॉक्टर, तुमच्या त्या पेशंटचा कोर्स पूर्ण झाला, थुंकी निगेटिव्ह आली.’ किंवा, ‘ती मुलगी दोन महिन्यांपासून औषध घ्यायला आली नाही, तुम्ही एकदा बोलाल का? तुमचं ऐकेल.’ पहिल्या फोनने समाधान मिळायचे. दुसऱ्या फोनने काम मिळायचे, आणि त्या कामाला माझ्याशिवाय दुसरा माणूस नव्हता. मी पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे मला परत सांगणारे कुणीतरी असणे, एवढ्यानेच पुढच्या खोकल्याच्या रुग्णाकडे पाहण्याची माझी नजर बदलत होती.

ही परत येणारी बातमी किती सामर्थ्यवान असते, याचा अनुभव आमच्या गावाने 2020 मध्ये घेतला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अनेक दवाखान्यांची शटर बंद होती. संरक्षक पोशाख मिळत नव्हते, साठी ओलांडलेले डॉक्टर घाबरलेले होते, आणि काही सहकारी स्वतः आजारी पडत होते. पावसाळ्यात कल्याण-डोंबिवलीतली रुग्णसंख्या झपाट्याने वाढली. तेव्हाचे आयुक्त डॉ. विजय सूर्यवंशी यांच्या काळात महापालिकेने खासगी डॉक्टरांच्या संघटनांना सोबत घेतले. इंडियन मेडिकल असोसिएशन (आयएमए) होतीच, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टरही होते. या फळीचे ‘डॉक्टर आर्मी’ हे नाव तेव्हाचे, ‘फॅमिली डॉक्टर, कोविड फायटर’ ही मोहीमही तेव्हाची. तापाच्या दवाखान्यांत आणि कोविड केंद्रांत खासगी डॉक्टरांनी पाळ्या घेतल्या, घरी विलगीकरणात असलेल्यांवर त्यांचाच फॅमिली डॉक्टर लक्ष ठेवू लागला. पुढे 2021 च्या जूनमध्ये स्मार्ट सिटी स्पर्धेचा कोविड नवोपक्रमाचा पुरस्कार कल्याण-डोंबिवली आणि वाराणसी या दोन शहरांना मिळून जाहीर झाला.

पुरस्कारापेक्षा मला त्या दिवसांतली कामाची रीत आठवते. प्रत्येकाच्या फोनमध्ये घरी असलेल्या रुग्णांची यादी होती. सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. ‘काका, सहा मिनिटं घरातल्या घरात चाला, मग बोटाला ते यंत्र लावा आणि आकडा सांगा.’ आकडा घसरला की पालिकेच्या नियंत्रण कक्षाला कळवायचे, खाट कुठे आहे ते तिकडून कळायचे. आणि फोन कुणी उचलला नाही तर जीव खालीवर व्हायचा. सोसायटीच्या सचिवाला फोन करायचा, समोरच्या दारातल्या वहिनींना उठवायचे, पण त्या माणसाची खबर घेतल्याशिवाय झोपायचे नाही. दवाखान्यात येणाऱ्याची वाट पाहणारे आम्ही, त्या काळात न आलेल्याच्या मागे धावत होतो. कुणी हिशेब मागितला नव्हता आणि त्यासाठी पैसे मिळत नव्हते. तरी शेकडो डॉक्टरांनी ते केले, कारण तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. हातात नावांची यादी होती, आसपासचे डॉक्टर तेच करत होते, आणि पलीकडून उत्तर येत होते.

साथ ओसरली आणि याद्या फोनमधून पुसल्या गेल्या. तेव्हा मनात एक प्रश्न राहून गेला. ऑक्सिजनचा आकडा विचारायला दिवसातून दोनदा फोन करता येत असेल, तर वर्षानुवर्षे चालणाऱ्या रक्तदाबासाठी महिन्यातून एकदा का करता येऊ नये? आजार कमी गंभीर आहे म्हणून तर नक्कीच नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीने प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण 35 टक्क्यांच्या वर आणि मधुमेहाचे 11 टक्क्यांच्या वर असल्याचे दाखवले आहे. साथ संपते, ही दुखणी संपत नाहीत.

याचे उत्तर शोधायला आम्ही काही समव्यावसायिक एकत्र बसू लागलो. रविवारची सकाळ, कुणाच्या तरी दवाखान्याची मागची खोली, घरून आणलेला चहा. औषध कंपनीचा प्रतिनिधी त्यात नको, हे पहिल्याच बैठकीत ठरले. व्याख्यान नको, हेही ठरले. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमानुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांत 30 क्रेडिट गुण लागतात आणि त्यासाठी आम्ही सगळे हॉटेलांच्या सभागृहांत बसत होतो. त्या व्याख्यानांतून नवी औषधे कळतात. आपल्या दवाखान्यात काय चालले आहे ते कळत नाही. म्हणून प्रत्येकाने आपले केसपेपर काढायचे, रक्तदाबाच्या रुग्णांची यादी करायची आणि दोनच प्रश्न विचारायचे असे ठरले. गेल्या तीन महिन्यांत हा माणूस आला होता का? आणि शेवटच्या वेळी त्याचा रक्तदाब 140/90 च्या खाली होता का? रुग्णांची नावे झाकायची, डॉक्टरांची क्रमवारी लावायची नाही.

जे दिसले ते सगळ्यांकडे सारखे होते. जे नियमाने येत होते त्यांचा रक्तदाब बऱ्यापैकी आटोक्यात होता. मोठे भगदाड पहिल्या प्रश्नात होते. पुष्कळ नावे यादीत होती आणि माणसे बेपत्ता. डॉक्टरच्या हुशारीला आव्हान देणारी गोष्ट तिथे नव्हतीच, औषध बदलण्याचीही नव्हती. प्रश्न होता ही माणसे गेली कुठे हा.

उत्तरे आमच्याच गावाची होती. कुणाची इमारत धोकादायक ठरली किंवा पुनर्विकासाला गेली आणि कुटुंब भाड्याने बदलापूर-टिटवाळ्याला राहायला गेले. कुणाची पाळी बदलली आणि दवाखान्याची वेळ जुळेना. कुणी जुनी पट्टी औषधाच्या दुकानात दाखवून वर्षभर तीच गोळी घेत होता, रक्तदाब कुणीही मोजला नव्हता. आणि सर्वात जास्त माणसे अशी, की ज्यांना बरे वाटत होते. बरे वाटणे हाच या आजाराचा सर्वात मोठा धोका आहे, हे आम्ही त्यांच्या मनात पुरेसे रुजवले नव्हते.

उपाय साधे निघाले आणि त्यातले बरेचसे आमच्या मदतनीस ताईंनी सुचवले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला महिन्याचे सामान न्यायला कोण आले नाही हे जसे पाठ असते, तसे ताईंना कोण आले नाही ते माहीत असते. त्यांनाच एक वही दिली. गोळ्या संपण्याची तारीख पट्टीवरही लिहायची आणि वहीतही. तारीख उलटून आठवडा झाला की ताई फोन करणार, ‘काका, गोळ्या संपल्या असतील ना? या रविवारी या, गर्दी नसते.’ हा फोन चालेल का, हे रुग्णाला आधी विचारून ठेवायचे. दुसरी गोष्ट मोजण्याची. स्टेशनचा पूल चढून-उतरून, रिक्षाच्या रांगेत ताटकळून आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच घेतला तर तो चढाच दिसतो. शास्त्र सांगते की पाच मिनिटे शांत बसवून मग मोजा. संध्याकाळी डॉक्टरकडे पाच मिनिटे नसतात, पण रुग्णाकडे असतात, कारण तो बाकड्यावर बसलेलाच असतो. म्हणून ताईंनी बाहेरच यंत्राने मोजून केसपेपरवर आकडा लिहायचा, जास्त आला तर डॉक्टरने आत पुन्हा मोजायचा. रांगेतला वाया जाणारा वेळ असा तपासणीच्या कामाला आला.

यातले काहीही आम्ही शोधून काढले नव्हते. वेल्समधल्या ग्लिनकोरग नावाच्या कोळसाखाणीच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या डॉक्टरने 1960 च्या दशकातच हे केले होते. गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब त्याने मोजला, आजारी नसलेल्यांचाही, आणि पंचवीस वर्षे त्या नोंदींचा पाठपुरावा केला. 1991 मध्ये त्याने हिशेब मांडला तेव्हा, तशी पद्धत नसलेल्या शेजारच्या गावापेक्षा त्याच्या गावातले अकाली मृत्यू बरेच कमी होते. ज्यांना उपचारांची सर्वात जास्त गरज असते त्यांनाच चांगले उपचार सर्वात कमी मिळतात, हा नियम 1971 मध्ये मांडणारा डॉक्टर हाच. रक्तदाबाच्या रुग्णांपैकी निम्म्यांना आजार माहीत असतो, त्यांतले निम्मे औषध घेतात आणि त्यांतल्या निम्म्यांचाच रक्तदाब आटोक्यात असतो, या जुन्या आडाख्यावरही त्याने लिहिले. तिन्ही पायऱ्या उतरलो की हाती आठातला एक उरतो.

आपल्याकडेही याच विचाराचे काम झाले आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा पहिल्या जिल्ह्यांमध्ये महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा होते. एकच सोपा उपचारक्रम, मोजकी स्वस्त औषधे, परिचारिकेने रक्तदाब मोजून पाठपुरावा करणे आणि कोण आले नाही याची यादी हातात असणे, एवढाच त्याचा गाभा. सरकारी आरोग्य केंद्रांत ते जमले. ठाणे-कल्याण पट्ट्यात मात्र लोक मुख्यतः खासगी दवाखान्यात जातात. ठाणे महापालिकेने ‘आपला दवाखाना’ काढला, पुढे 2023 मध्ये राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने ही योजना राज्यभर नेली. ते दवाखाने हवेतच. पण गल्लीतल्या खासगी डॉक्टरला बाजूला ठेवून या शहरांतला रक्तदाब आटोक्यात येणार नाही.

या डॉक्टरला सहभागी करायचे तर त्याच्या अडचणींकडे सरळ पाहायला हवे. त्यातली सर्वात अवघड पैशांची आहे. रुग्णाला पुढे पाठवल्याबद्दल मिळणारा कट ही आमच्या व्यवसायाला लागलेली कीड आहे. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी 78 डॉक्टरांच्या कथनांतून 2016 च्या ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ या पुस्तकात ती उघड मांडली. ज्या डॉक्टरच्या चिठ्ठीमागे कट आहे त्याला दर्जाची भाषा शोभत नाही. पण प्रामाणिक डॉक्टरची बाजूही ऐकली पाहिजे. तपासणी, सल्ला, समजावणे, फोन करणे यांतल्या कशाचेही मोल आमच्याकडे ठरलेले नाही. रुग्ण पैसे देतो ते सुई-गोळीचे. नुसता सल्ला दिला तर ‘औषध तर काही दिलं नाही’ म्हणून फी देताना हात आखडतो. चांगल्या कामाची किंमत शून्य आणि अनावश्यक कामाची मात्र रोख, अशी ही मांडणी आहे. ती नुसत्या नीतिपाठाने बदलणार नाही.

दुसरी अडचण आपसातल्या भिंतींची. आमच्या भागात एमबीबीएस डॉक्टर आहेत, बीएएमएस आहेत, बीएचएमएस आहेत. कुणाला कोणती औषधे लिहिता यावीत, यावरचे वाद न्यायालयांत आणि रस्त्यावर चालू आहेत, आणि त्या वादात तत्त्वाचे प्रश्न आहेतच. पण कामगार वस्तीतला माणूस पहिल्यांदा जिथे जातो तिथे जो डॉक्टर बसला आहे, त्याच्यापर्यंत चांगल्या उपचाराची रीत पोहोचलीच पाहिजे. रक्तदाब नीट मोजणे, दोन आठवड्यांच्या खोकल्याला थुंकी तपासायला सांगणे, साध्या सर्दीला प्रतिजैविक न देणे, न आलेल्याला फोन करणे, यासाठी कुठल्याच पॅथीचा वाद आड यायचे कारण नाही. 2020 मध्ये तो आड आला नव्हता.

बक्षिसाबद्दलही सावध राहायला हवे. ब्रिटनने 2004 मध्ये ठरावीक आकडे गाठणाऱ्या प्राथमिक डॉक्टरांना जादा पैसे देण्याची मोठी योजना आणली. पाच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की सुरुवातीला सुधारणा झाली, मग तिचा वेग मंदावला, आणि रुग्णाला आपलाच डॉक्टर भेटण्याचे प्रमाण घटले. स्कॉटलंडने 2016 मध्ये ती योजना बंद केली. ज्याचे पैसे मिळतात तेवढेच मोजले जाते आणि रुग्ण आकड्यांच्या रकान्यांमागे दिसेनासा होतो, हा त्यातला धोका. रुग्णाशी असलेले वर्षानुवर्षांचे नाते हेच फॅमिली डॉक्टरचे भांडवल आहे. दर्जाच्या नावाखाली तेच झिजले तर मिळवलेले सगळे फुकट जाईल.

मग करायचे काय? माझी मागणी मोठी नाही. कल्याण-डोंबिवली आणि ठाणे या महापालिकांनी एकेक प्रभाग निवडावा आणि एक वर्ष एकच आजार घ्यावा. रक्तदाबापासून सुरुवात करता येईल. त्या प्रभागातल्या इच्छुक दवाखान्यांना एक साधी वही किंवा फोनवरची यादी द्यावी, मदतनिसांना रक्तदाब नीट मोजायला शिकवावे, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी दोन-तीन मूळ औषधे पालिकेच्या साठ्यातून खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यावीत. क्षयरोगात हे करून दाखवले आहे, तेव्हा ते अशक्य नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येक डॉक्टरला त्याचे आकडे आणि सगळ्या प्रभागाचे आकडे कळवावेत, शिक्षा न करता आणि क्रमवारी न लावता. पाठवलेला रुग्ण पालिकेच्या रुग्णालयात दाखल झाला की दोन ओळींची चिठ्ठी त्या डॉक्टरकडे परत यावी. आयएमए आणि इतर संघटनांनी महिन्यातली एक सभा व्याख्यानाऐवजी स्वतःच्या केसपेपरांसाठी ठेवावी, आणि कौन्सिलने त्या सभेलाही क्रेडिट गुण द्यावेत.

रुग्णांकडूनही एक अपेक्षा आहे. सल्ल्याची फी आनंदाने द्या, सुई मागू नका, आणि घर बदलताना आपला केसपेपर मागून घ्या. तो तुमचाच आहे, आणि नव्या डॉक्टरला तो मिळाला तर तुमची गोष्ट पहिल्या पानापासून सुरू करावी लागणार नाही.

माझे तरुण सहकारी विचारतात की एवढ्या मोठ्या शहरात एका दवाखान्याने काय फरक पडणार. ग्लिनकोरगची वस्ती दोन हजारांच्या आसपास होती. इथल्या एखाद्या जुन्या दवाखान्याच्या केसपेपरांत तेवढी नावे सहज सापडतात, आणि ती माणसे आपल्याला डॉक्टर म्हणून स्वतः निवडून आलेली असतात. त्या दोन हजारांतला कोण बऱ्याच दिवसांत आलेला नाही, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यासाठी वही लागते, फोन लागतो, आणि त्या माणसाची जबाबदारी आपली आहे असे मानावे लागते. बाकीचे पालिकेकडून आणि सरकारकडून हट्टाने मागून घेऊ. हे मानणे मात्र आम्हीच करायचे आहे, आणि त्याला उशीर करण्याचे कारण मला दिसत नाही.